वरच्या बांधीच्या मालकास

प्रति,
माननीय शी जिनपिंग साहेब,
अध्यक्ष, चीन,
मु. पो. बीजिंग.

साहेब,

हे पत्र गोसीखुर्दहून लिहितोय. तालुका पवनी, जिल्हा भंडारा. तुमच्या नकाशा काढणाऱ्या खात्याला आमचं गाव अजून सापडलेलं नाही, हे आमचं नशीब म्हणायचं. ज्या गावावर त्यांची नजर जाते त्याचं ते लगोलग बारसं उरकतात. अरुणाचल प्रदेशातल्या जागांना चिनी नावं देणाऱ्या तुमच्या याद्या आम्ही वर्तमानपत्रात वाचत आलोय. 2017 साली 6 नावं, 2021 साली 15, 2023 साली 11, 2024 साली 30 आणि 2025 साली 27. दर वेळी आमचं परराष्ट्र मंत्रालय यादी फेटाळतं आणि दर वेळी तुम्ही नवी छापता. आमच्याकडे कुणी दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला निघाला, तर तलाठ्याला निदान फेरफाराची नोटीस काढावी लागते, हरकतीला पंधरा दिवस द्यावे लागतात. तुमचं महसूल खातं त्या मानानं फारच पुढारलेलं दिसतं.

तुमच्यासारखा शेजारी आम्हाला नवा नाही. दोन शेतांमधल्या बांधाला आम्ही धुरा म्हणतो, आणि धुरा कोरणारा एक तरी इसम प्रत्येक शिवारात असतो. तो भांडत नाही. दरसाल नांगरटीच्या वेळी एक तास आपल्याकडे ओढून घेतो, बस. विचारायला गेलं तर चहा पाजतो, ‘मोजणी आणा की’ म्हणतो आणि मोजणीवाले आले की नेमका त्या दिवशी सोयरिकीला निघून जातो. दहा-पंधरा वर्षांनी पाहावं तर धुऱ्यावरची बाभूळ त्याच्या वावराच्या मधोमध उभी. 29 एप्रिल 1954 रोजी तुम्ही आणि आम्ही पंचशील करारावर सह्या केल्या. एकमेकांच्या हद्दीचा मान राखायचा, हे त्यातलं पहिलंच कलम. 1957 साली तुम्ही अक्साई चिनमधून रस्ता पुरा केलात, आणि तो झाल्याचं दिल्लीला कळलं ते तुमच्याच वर्तमानपत्रातल्या कौतुकाच्या बातमीवरून. पुढे 1962 झालं. 15 जून 2020 ला गलवान झालं. आमचे 20 जवान गेले हे आम्ही लगेच सांगितलं. तुमचे चार गेले हे तुम्हाला फेब्रुवारी 2021 मध्ये आठवलं. मग डेपसांग आणि डेमचोकच्या गस्तीचा तोडगा निघायला ऑक्टोबर 2024 उजाडला. गस्तीला कुणी कुठवर जायचं एवढंच ठरायला चार वर्षं. बरं, मोजणी अजून बाकीच आहे.

पण हा धुऱ्याचा वाद दिल्लीनं निस्तरावा. त्यासाठी तिथं मोठमोठी माणसं आहेत, ऑगस्ट 2025 पर्यंत त्यांच्या चर्चेच्या चोवीस फेऱ्या झाल्यात. मी लिहितोय ते पाण्याबद्दल, कारण त्यात आम्हाला थोडंफार कळतं.

आमचा मुलूख धानाचा. धानाच्या खाचराला आम्ही बांधी म्हणतो. इथं वरच्या बांधीतलं पाणी खालच्या बांधीत उतरतं, म्हणून वरच्या बांधीच्या मालकाचा स्वभाव सगळ्या गावाला पाठ असतो. चांगला असला तर पाळ फोडण्याआधी हाक देतो. वाईट असला तर रात्री फोडतो, आणि सकाळी खालच्याचे पऱ्हे वाहून गेलेले पाहून सगळ्यात आधी हळहळायला तोच येतो.

19 जुलै 2025 रोजी तुमचे पंतप्रधान ली छ्यांग तिबेटातल्या न्यिंगचीला गेले आणि यारलुंग त्सांगपो नदीच्या खालच्या टप्प्यावरल्या कामाचा नारळ फोडून आले. ही नदी पुढं आमच्याकडे सियांग होते, आसामात ब्रह्मपुत्रा होते. खर्च 1.2 लाख कोटी युआन, म्हणजे आमच्या रुपयात चौदा लाख कोटींच्या घरात. एकाखाली एक पाच वीजकेंद्रं. वर्षाला 30,000 कोटी युनिट वीज, तुमच्याच थ्री गॉर्जेस धरणाच्या साधारण तिप्पट. नामचा बरवा शिखराला वळसा घालून नदी जिथं दक्षिणेला वळते, तिथं पन्नासेक किलोमीटरांत ती दोन हजार मीटर खाली येते म्हणतात. वीज काढायला याहून चांगली जागा जगात नसेल, कबूल. धरण बांधून बसायला याहून भयंकर जागाही नसेल. 15 ऑगस्ट 1950 ला त्याच टापूत 8.6 रिश्टरचा भूकंप झाला होता आणि आसामात नद्यांनी पात्रं बदलली होती. त्यावर तुमच्या प्रवक्त्यांनी आम्हाला धीर दिला, की खालच्या अंगाला कसलाही अनिष्ट परिणाम होणार नाही.

साहेब, हे वाक्य आम्ही ओळखतो. आम्ही ह्या वाक्याच्या काठावरच राहतो.

गोसीखुर्दचं धरण तुम्ही पाहिलं नसेल. वैनगंगेवर आडवी टाकलेली अकरा किलोमीटरांहून लांब भिंत, 33 दरवाजे. 22 एप्रिल 1988 ला तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी इथं आले, त्यांच्या हस्ते भूमिपूजन झालं. त्याच वर्षी, डिसेंबरात, ते तुमच्याकडे आले होते. चौतीस वर्षांनी भारताचा पंतप्रधान बीजिंगला आला म्हणून तुमच्या डेंग श्याओफिंग साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. ते छायाचित्र अजून पाहायला मिळतं. सीमेचा प्रश्न सोडवायला संयुक्त कार्यगट त्याच भेटीत ठरला. म्हणजे बघा, एकाच साली एकाच माणसानं दोन कामांचा मुहूर्त केला, एक आमच्या गावी आणि एक तुमच्या. दोन्ही कामं चालू आहेत. आमच्या धरणाचा मूळ अंदाज होता 372 कोटींचा; 2016 साली तो 18,494 कोटींवर गेला आणि तिथंही थांबला नाही. अडीच लाख हेक्टर भिजवायचं होतं, कालव्यांच्या अस्तरीकरणापासून निविदांपर्यंत चौकशा झाल्या, गुन्हे दाखल झाले, आणि कितीतरी पाटांच्या पोटात अजून गवत आहे. तुमच्या-आमच्या सीमेच्या कामाचा सुधारित अंदाज कुणी छापत नाही, म्हणून त्याची चौकशीही होत नाही, एवढाच काय तो फरक.

पावसाळ्यात आमच्या फोनवर संदेश येतात. फोन तुमच्याकडचाच, त्यामुळे अक्षरं छान दिसतात. गोसेखुर्द प्रकल्पाचे 33 पैकी इतके दरवाजे अर्ध्या मीटरनं उघडले, विसर्ग इतके क्युमेक्स, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. जुलै-ऑगस्टात हा संदेश लोक पंचांगासारखा वाचतात. भंडाऱ्याचा माणूस पहिल्यांदा वर बघतो, शिवनीचं संजय सरोवर किती भरलं. ते धरण मध्य प्रदेशात, वैनगंगेवरच, आमच्या बरंच वर. मग तो खाली बघतो, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली. आम्ही गोसेवाले मधे. वरच्यांनी सोडलं की आम्ही बुडतो, आम्ही सोडलं की खालचे बुडतात. 2020 च्या ऑगस्टअखेरीस हे सगळं एकाच आठवड्यात झालं. संजय सरोवराचं पाणी आलं, भंडारा शहरात शिरलं, मग इथले सगळे दरवाजे उघडले आणि चंद्रपूर-गडचिरोलीतली गावं पाण्याखाली गेली. वर पाणी किती सोडणार आणि ते कधी पोचणार हे वेळेत कळलं नाही, अशी ओरड तेव्हा प्रत्येक जिल्ह्यात झाली. नंतर बैठका झाल्या. तेव्हाचं एका ढिवर म्हाताऱ्याचं म्हणणं अजून कानात आहे. सूचना आली होती का, असं साहेबलोक विचारत होते, तर तो म्हणाला, ‘सांगून का फायदा गा, पानी त घरात आला.’

हे एका देशात, एकाच राज्यघटनेखाली, एकच भाषा समजणाऱ्या इंजिनीअरांच्या हातून झालं. मधे ना बर्फ होता, ना फौज. आता तुम्ही सांगता की हिमालयापलीकडे, जिथं आमचा एक माणूस पाय ठेवू शकत नाही, तिथल्या पाच वीजकेंद्रांचं पाणी अगदी आमच्या सोयीनं वागेल. ठीक आहे, विश्वास ठेवतो. आकडे दाखवा.

आकड्यांची गोष्ट तर मोठी रंजक आहे. 2002 साली करार झाला, की पुराच्या मोसमात तुमच्या हद्दीतल्या तीन केंद्रांवरून ब्रह्मपुत्रेच्या पाण्याची माहिती तुम्ही आम्हाला द्यायची. फुकट नव्हे हो. आम्ही पैसे मोजत होतो. दर पाच वर्षांनी करार पुढं जात राहिला. सतलजसाठी 2005 साली वेगळा करार झाला. कारण त्याआधी धडा मिळाला होता. 2000 सालच्या एप्रिलमध्ये तिबेटात दरड कोसळून यिगोंग नदी अडली होती, ती जूनमध्ये फुटली आणि सियांगच्या काठानं पूल-वस्त्या वाहून गेल्या. त्याच सालच्या ऑगस्टात सतलजला पूर आला आणि हिमाचलात हाहाकार झाला. वरून वेळेवर शब्द आला असता तर माणसं वर चढली असती. म्हणून हे करार. मग 2017 साली डोकलामला 73 दिवस दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या, आणि योगायोग पाहा, त्याच पावसाळ्यात तुमची केंद्रं दुरुस्तीला गेली. बांगलादेशला मात्र त्याच नदीची माहिती मिळत होती म्हणे. दुरुस्तीतल्या यंत्रालाही शेजाऱ्यांमधला फरक कळतो, हे तंत्रज्ञान आमच्या पाटबंधारे खात्यालाही शिकवा. आमच्याकडचं यंत्र बिघडलं की सगळ्यांसाठी बिघडतं.

सतलजचा करार नोव्हेंबर 2020 मध्ये संपला. ब्रह्मपुत्रेचा जून 2023 मध्ये. मुदतवाढ मिळालीच नाही. ऑगस्ट 2025 मध्ये तुमचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीला आले तेव्हा ठरलं, की आणीबाणीच्या प्रसंगी ‘माणुसकीच्या नात्यानं’ तुम्ही माहिती द्याल. हे वाचून माझी हसून मुरकुंडी वळली. आमच्या इथं पूर काही आणीबाणी नसतो, साहेब, तो दरसालचा पाहुणा. रोजचा आकडा रोज मिळाला तरच पाणी चढतंय की उतरतंय हे कळतं. आणीबाणी आली हे ठरवायलाही कालचा आणि परवाचा आकडा हातात लागतो. वरचा मालक म्हणतो, पाळ फुटली की नक्की हाक देईन. पाळ फुटल्यावर हाकेची गरज कुणाला?

तुमच्याच एका जुन्या माणसाची आठवण करून देतो. ह्युएन त्संग, सातव्या शतकातला भिक्षू. तो महाराष्ट्रात येऊन गेला, पुलकेशीचं राज्य चालू असताना, आणि इथल्या माणसांबद्दल त्यानं लिहून ठेवलंय. तो म्हणतो, ही माणसं मानी आहेत. उपकार केला तर विसरत नाहीत, अपकार केला तर सोडत नाहीत. आणि पुढं एक बारीक नोंद आहे, ती आमच्या शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. सूड घ्यायचा झाला, तर हे लोक आधी शत्रूला तशी सूचना देतात आणि मगच चाल करून जातात. चौदाशे वर्षांपूर्वीच्या तुमच्या प्रवाशाला ही गोष्ट लिहून ठेवण्याइतकी नवलाची वाटली. आता कळतं का वाटली असेल.

तुम्ही म्हणाल, तुम्ही तरी कोण लागून गेलात? बरोबर आहे. आरसा इकडेही फिरवतो. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या पाणीवापराचा करारनामा 1997 साली संयुक्त राष्ट्रांत मताला आला, तेव्हा तुम्ही विरोधात हात वर केलात. तुर्की आणि बुरुंडी तेवढे तुमच्या सोबतीला. आमचा देश तटस्थ राहिला. वरच्या अंगाच्या नद्यांवर आपणही मालक, हे तेव्हा दिल्लीला आठवलं असणार. एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर आम्ही सिंधू करार स्थगित ठेवला. त्याची कारणं आमच्याकडे आहेत आणि ती रक्तानं लिहिलेली आहेत. पण वरून पाणी आणि पाण्याची माहिती हातात धरून बसायचं कसं, हे आता आम्हीही शिकलो, एवढं कबूल करायला हवं. तुमचा तो सगळ्यात लाडका शेजारी त्या नदीच्या खालच्या अंगाला राहतो. त्यामुळं खालच्या शेजाऱ्याच्या हक्कांवर तुम्ही अलीकडे फार तळमळीनं बोलू लागलात, तर आम्हाला नवल वाटणार नाही.

आणि तुमच्या धरणाला दिल्लीचं उत्तर काय? दुसरं धरण. अरुणाचलात सियांगवर 11,000 मेगावॅटचा बहुउद्देशीय प्रकल्प. तुम्ही एकदम पाणी सोडलंत तर ते अडवायला. कागदावर हिशेब बरोबर बसतो. पण तिथले आदी लोक सियांगला आई म्हणतात आणि नुसत्या सर्वेक्षणालाही नको म्हणतायत. 2024 च्या डिसेंबरात तिथं केंद्रीय दलं तैनात करावी लागली. त्या बातमीतली म्हाताऱ्या बायांची गर्दी बघून इथल्या माणसाला दुसरं काही आठवूच शकत नाही. आमच्याकडेही पहिल्यांदा फक्त सर्वेक्षणच आलं होतं. मग खुणेचे दगड आले. मग नोटिसा, मग संपादन, मग ‘गाव उठलं’. राष्ट्रीय प्रकल्प म्हणून 2008 साली आमच्या धरणावर दिल्लीचा शिक्का बसला तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी सुटलो. पुनर्वसनाच्या गावठाणात घराचा प्लॉट मिळतो, नळ मिळतो, कधी पाणीही मिळतं. वावर मात्र मिळत नाही. मोबदल्याच्या पैशातून त्या भावात त्या प्रतीची बांधी घेऊन दाखवा. मासेमारी हाच धंदा असलेल्या ढिवरांना इतकं मोठं तळं मिळालं म्हणून लोक त्यांचा हेवा करत होते. त्या तळ्यात नागपूरचं सांडपाणी येतं. नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, आणि वैनगंगा आमच्या भिंतीला येऊन थांबते. उन्हाळ्यात काठानं चालत गेलात तर हिरव्या जलपर्णीचा गालिचा दिसतो. त्यावरून बगळे चालतात, त्याखालून पाणी दिसत नाही. जाळं टाकलं की आधी तासभर ते सोडवत बसायचं. आता तिथं जलपर्यटनाच्या बोटी फिरणार आहेत. पाहुण्यांना नाकाला लावायला रुमाल मिळणार का, हे माहितीपत्रकात नाही.

एक भाबडी शंका विचारतो. तुमच्याकडेही थ्री गॉर्जेसपायी तेरा लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. त्यांची पुनर्वसनाची गावठाणं कशी आहेत? नळाला पाणी येतं का? त्यांच्यातल्या कुणाला आमच्या पत्त्यावर पत्र लिहू द्याल? आमचं एकमेकांशी चांगलं जमेल, दुभाष्याची गरज पडणार नाही.

ब्रह्मपुत्रेबाबत एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. आमच्याकडचे काही टीव्हीवाले ओरडतात, की तुम्ही नळ बंद केलात की आसाम वाळवंट होईल. तसं नाही. ह्या नदीचं बरंचसं पाणी आमच्या हद्दीतल्या पावसाचं आणि आमच्या उपनद्यांचं. पाणी तुटण्यापेक्षा भीती आहे ती एकदम सुटण्याची, गाळ वरच अडकून खालची माती उपाशी राहण्याची, आणि नदीला तिचा पावसाळा-उन्हाळा विसरायला लावण्याची. धरणाखालची नदी कशी दिसते हे आम्ही बघतो. भिंतीच्या वर समुद्र, भिंतीखाली फेब्रुवारीत गोटे. मग ऑगस्टात एका रात्री त्याच गोट्यांवरून दोन पुरुष पाणी. माहितीअभावी भीती वाढते, आणि भीतीवर दोन्हीकडच्या ठेकेदारांचं भलं होतं. हे साधं गणित तुमच्यासारख्या इंजिनीअर माणसाला सांगायला नको. तुम्ही छिंगह्वात रासायनिक अभियांत्रिकी शिकलात ना?

नातं जुनं आहे, असं तुमचे-आमचे मुत्सद्दी भाषणात म्हणतात आणि लगेच सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव घेतात. घ्यावंच. 1938 साली काँग्रेसनं पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते तुमच्याकडे आले, जपान्यांशी झुंजणाऱ्या तुमच्या सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, तिथंच लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 ला ऐन बत्तिशीत तिथंच गेले. शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला. तुमचे नेते मुंबईला आले की त्यांच्या घरच्यांना आवर्जून भेटतात. पण त्या पाच डॉक्टरांत आमच्या नागपूरचेही एक होते, डॉ. चोळकर. ते जिवंत परत आले, म्हणून बहुधा कुणाच्या भाषणात नाहीत. मैत्रीच्या खात्यात नोंद व्हायला माणसानं मरावं लागतं, हा नियम तुमचा की आमचा, ते तेवढं कळवा.

त्याच खात्याच्या दुसऱ्या पानावर आमचा भंडारा जिल्हा आहे. 1962 ला तुम्ही आलात आणि दिल्लीनं महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री गेला, असं आमच्या आजोबांच्या पिढीत म्हणत. सह्याद्री आमच्यापासून लांब, पण त्यानंतरच्या वर्षांत आमच्या जवाहरनगरात आयुध निर्माणी उभी राहिली, तोफगोळ्यांची दारू बनवायला. 24 जानेवारी 2025 ला तिथं स्फोट झाला, आठ कामगार गेले. सीमा तिकडे हजारो किलोमीटरांवर. तिच्यासाठी लागणारी दारू मात्र इथं कालवली जाते आणि ती कालवताना माणसं इथली मरतात.

आणि तिबेट. तुम्ही म्हणता तो तुमचा अंतर्गत प्रश्न. असेल, पण त्या अंतर्गत प्रश्नाची काही घरं 1972 पासून आमच्या अंगणात आहेत. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत आहे. गोंदिया वेगळा झाला 1999 साली, त्याआधी ती भंडारा जिल्ह्यातच होती आणि कागदोपत्री अजूनही तिला भंडाऱ्याची वसाहत म्हणतात. चार हजार मीटर उंचीवर जवाची शेती केलेली माणसं पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकली. दिवाळीनंतर नागपुरात स्वेटरांची दुकानं लावतात, घासाघीस करताना आमच्यापेक्षा चांगलं हिंदी आणि बरं मराठी बोलतात. तिथं जन्मलेली पोरं आता पोरांचे बाप झालीत. इटियाडोहाच्या धरणाजवळ राहतात, म्हणजे कालव्याचं पाणी सुटण्याची वाट पाहणं त्यांच्याही नशिबी आलं. त्यांच्या मूळ नदीवर तुम्ही एवढं मोठं काम काढलंत, तर त्यांना आमंत्रण पाठवलंत का? नारळ फोडायला आले नसते कदाचित. पण बोलवायची रीत असते.

आता तुमच्या-आमच्यात पुन्हा गोडी आली म्हणतात. कझानला हात मिळवले, तियानजिनला फोटो काढले, कैलास मानसरोवरची यात्रा सुरू झाली, विमानं थेट उडू लागली. चांगलंच आहे. 2024-25 साली व्यापारात आम्ही तुमच्यापेक्षा 99 अब्ज डॉलरांहून जास्त मागे होतो. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाशी दुकानदारानं गोड बोलावंच. ह्या गोडीत एक साधी गोष्ट करा. ते माहितीचे दोन्ही करार काढा, धूळ झटका, सही करा. तीन केंद्रांऐवजी तुमच्या नव्या पाचही वीजकेंद्रांच्या वरचा-खालचा विसर्ग त्यात घाला. बाराही महिने, रोजचा. डोकलाम होवो, गलवान होवो, कुणाचा कुणाशी अबोला होवो. आणि तो थेट सियांगकाठच्या पासीघाटच्या माणसाच्या फोनवर जाऊ द्या, आमच्या फोनवर जातो तसा. दिल्लीला तो गोपनीय फाइलीत घालायची हौस असते. तिला मी वेगळं पत्र लिहीन.

कळावे. उत्तर चिनीत पाठवलंत तरी चालेल, आकडे सगळ्यांचे सारखेच असतात.

आपला खालच्या अंगाचा शेजारी,
गोसीखुर्द, ता. पवनी, जि. भंडारा

ता. क. एक किरकोळ राहिलं. तुम्ही खताची निर्यात आवळलीत की इथं डीएपीचं पोतं मिळेनासं होतं. कृषी केंद्रवाला सांगतो, पोतं आहे, पण सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली आणि झिंकचं पाकीट घ्यावं लागेल. याला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात; नको असलेली वस्तू हव्या असलेल्या वस्तूच्या गळ्यात बांधून विकायची. ही युक्ती त्यानं तुमच्याकडून घेतली की तुम्ही त्याच्याकडून, ते ठाऊक नाही. 2025 च्या ऑगस्टात तुमचे वांग यी साहेब खत मोकळं करतो असा शब्द दिल्लीत देऊन गेल्याच्या बातम्या वाचल्या. आभारी आहोत. फक्त आमची रोवणी जुलैत असते. पुढच्या खेपेला त्यांना जूनच्या पहिल्या आठवड्यात धाडा.